सिद्धे, वाफ घेतलीस का?

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं स्वतःच्या घरात एक शिंक पण देऊ नये का? एक! दोन नाही, एक! शिंक आली, दिली, संपलं. पण आमच्याकडं ते संपत नव्हतं, आमच्याकडं तिथून सुरू व्हायचं! इकडं मी नाक वर केलं की तिकडं भाकरी थापता थापता आई, 'सिद्धे, वाफ घेतलीस का?' खाटेवरून अव्वा, म्हणजे माझी आजी पार्वतम्मा, 'यव्वा! पोरगी शिंकाय लागली, वाफ द्या की तिला कुणीतरी!' आणि खाली दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना अप्पा जिन्याकडं तोंड करून, 'अगं ते मशीन दे तिला, मशीन!' आणि तेच मशीन मी सोडायला बघत होते हो! जीव तोडून सोडायला बघत होते! लोकांचं व्यसन सुटावं म्हणून घरचे देवाला नवस बोलतात म्हणे. आमचे घरचे माझं व्यसन शोधून, पुसून, चार्ज करून माझ्या हातात आणून देत होते! तुम्हाला सांगते, सोडणं अवघड नाही... आमच्या घरात सोडणं अवघड आहे!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही पण आईसारखं अर्धंच ऐकाल आणि उरलेलं मनानं जोडाल.

मी सिद्धेश्वरी. राहायला बाळीवेशीत. खाली अप्पांचं शेंगाचटणीचं दुकान, मागं कांडप, वर आम्ही. आता शेंगाचटणी खाणारा म्हणतो, आहाहा, सोलापूरची चटणी! पण त्या कांडपाच्या डोक्यावर राहून बघा एकदा. सकाळी नऊला मशीन सुरू झालं की लाल तिखट जिन्यानं वर येतं, पाहुण्यासारखं, फक्त पाहुणा निदान हाक मारतो. त्यामुळं आमच्या घरात बारा महिने सगळे शिंकतात. सर्दी कुणालाच नसते. पण हे आमच्या घरच्यांना तीस वर्षांत कळलेलं नाही, आणि मी सांगितलं तर 'तू आम्हाला शिकवू नको, एमबीए झालीस म्हणून' हे ठरलेलं!

तर ते एमबीए करायला मी पुण्याला गेले आणि येताना डिग्रीबरोबर ही बया घेऊन आले. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. निळं, बोटाएवढं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं. हॉस्टेलवर प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी एकीनं हातात दिलं, म्हणाली, 'घे गं, सिगारेट थोडीच आहे, नुसती वाफ तर आहे.' हे वाक्य मी पुढं दोन वर्षं स्वतःला ऐकवलं. नुसती वाफ तर आहे! वर पुदिन्याचा वास! सिगारेटला निदान स्वतःच्या वासाची लाज असते हो, हिला ती पण नाही. देशात बंदी आहे हे माहीत होतं, आत निकोटिन आहे हे माहीत होतं, वाचलं पण होतं, शिकलेली बाई ना मी! शिकलेल्या माणसाचं हेच असतं, तो खड्ड्याची पूर्ण माहिती घेऊन मग खड्ड्यात पडतो.

सोलापूरला परत आले, अप्पांच्या चटणीच्या ऑनलाइन ऑर्डर बघायला लागले, आणि आठव्या दिवशी आईनं गादी झटकली. गादीखालून बया बाहेर!

'हे काय गं?'

आणि मी... मी घाबरले आणि घाबरून चक्क खरं बोलले. 'व्हेप.'

'वाफ?' आई म्हणाली.

तुम्हाला सांगते, माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा खरं आणि खोटं यांच्यामध्ये फक्त ऐकण्यातली एक चूक उरते. मी ती चूक उचलली. 'हो,' म्हटलं. 'वाफ.'

आईचा चेहरा असा फुलला! 'म्हंजे सर्दीचं? पातेलं नको, टॉवेल नको? एवढ्याशात?' हुंगून बघितलं. 'पुदिना हाय की! पुदिन्यानं कफ मोडतो!' संध्याकाळपर्यंत सगळं घर ते मशीन बघून गेलं. अव्वानं डोळ्याजवळ नेऊन उलटंपालटं केलं, म्हणाली, 'आमच्या वेळेला असलं कुटं होतं? पातेल्यावर वाकून माझ्या भुवया जळल्या हुत्या.' अप्पांनी तंबाखूचा मावा या गालातून त्या गालात नेला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला वर बघत सांगितलं, 'पोरगी पुण्याला शिकली हाय. सर्दीला पण मशीन वापरती!'

अहो, अभिमान! व्यसनाचा अभिमान! पुदिन्याची ती बाटली, भरायची, ती आईनं फ्रिजच्या दारात ठेवली, कोथिंबिरीशेजारी, वर कागद चिकटवून: 'सिद्धीचं औषध.' रोज सकाळी दूध काढताना मला माझं विष माझ्याच नावानं वाचायला लागायचं!

मग मी ठरवलं, सोडायचं. का? डॉक्टरनं नाही सांगितलं, कुणी पकडलं पण नाही. एक दिवस जिना चढताना तिसऱ्या पायरीला दम लागला आणि माझ्यामागून अव्वा, वय अठ्ठ्याहत्तर, मला बाजूला सारून वर गेली. वर जाऊन म्हणते, 'ये की गं, थांबलीस का?' त्या 'ये की गं'नं जे झालं ते हजार पोस्टरनं झालं नसतं.

पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी मशीन सरळ ओल्या कचऱ्यात टाकलं. भेंडीच्या देठांमध्ये, खाली दाबून. दीड दिवस काढला! डोकं ठणकतंय, हात आपोआप उशीखाली जातोय, एका गिऱ्हाइकाला मी 'चटणी तिखट आहे' या तक्रारीवर 'मग श्रीखंड खा' असं उत्तर पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली, पदरानं पुसत पुसत. 'कचऱ्यात पडलं होतं बघ. तुझं लक्ष कुठं असतं? बरं मी भेंडीची देठं गाईला काढत होते म्हणून सापडलं. घे. शिंकतेस सकाळपासून.' घे! आईनं प्रेमानं पुढं केलेली वस्तू... आणि माझा हात... तो माझा हात नव्हताच हो, तो आधीच पुढं गेला होता.

दुसऱ्यांदा मी डोकं चालवलं. टाकायचंच नाही. बॅटरी संपू द्यायची, चार्जर लपवायचा, मेलं पडू दे कोपऱ्यात. तीन दिवस! तीन दिवस मी राणीसारखी फिरले. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर खिडकीपाशी निळा दिवा लुकलुकतोय. शेजारी अव्वा बसलेली, मिसरीची डबी उघडून दातांवर बोट फिरवतेय, आणि त्या दिव्यावर लक्ष ठेवून आहे, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशी! 'माझ्या मोबाईलची वायर बसती की गं त्याला,' म्हणाली. 'मरून पडलं हुतं बिचारं. मी रोज लावत जाईन, तू इसरतीस.' ज्या बाईला मोबाईलवर हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं हे मी सहा वर्षं शिकवतेय, तिला हे एकदाच बघून आलं! तुम्हाला सांगते, सोडणं अवघड नाही... आमच्या घरात सोडणं अवघड आहे!

तिसऱ्यांदा मी घरच सोडलं. म्हटलं, रोग घरात आहे. केमला मावशीकडं जाते, पंधरा दिवस. मुद्दाम मशीन इथं विसरले. आणि केमला काय छान चाललं होतं हो! मावशी विचारत नाही, कांडप नाही, शिंक नाही. संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालायचं, गाडी गेलेली बघायची, परत यायचं. नऊ दिवस! माझ्या जिभेला भाकरीची चव आली, खरी चव, ती दोन वर्षं पुदिन्याखाली दबली होती. दहाव्या दिवशी मावशीच्या शेजारचे रामहरीकाका सोलापूरहून आले, हातात पिशवी. 'तुझ्या आईनं दिलंय. महत्त्वाचं हाय म्हणाली, खिडकीशी बसू नका, पिशवी मांडीवर धरा म्हणाली.' पिशवीत काय? अर्धा किलो चटणी, कडक भाकरी, आणि रुमालात, त्यावर परत प्लास्टिकमध्ये, त्यावर परत रबर लावून... बया! बरोबर चिठ्ठी. 'विसरून गेलीस. गावाकडं धूळ असते. दिवसातून तीनदा घे.'

दिवसातून तीनदा घे! आई, तुझ्या त्या चिठ्ठीवर मी रडले की हसले मला आठवत नाही. पण घेतलं. तीनदा नाही, किती वेळा ते विचारू नका.

आता इथपर्यंत तुम्ही म्हणत असाल, बिचारी, घरच्यांनी घात केला. मी पण तेच म्हणत होते, मजेत म्हणत होते! पण चौथ्या वेळचं सांगते, कारण ते लपवलं तर बाकीचं सगळं खोटं. चौथ्यांदा मी अकरा दिवस काढले. कुणी काही आणून दिलं नाही. आई लग्नाला गेलेली, अव्वा झोपलेली, अप्पा खाली. शिंक पण आली नव्हती. दिवस चांगला होता हो, बेंगळुरूहून मोठी ऑर्डर आली होती, मी खूश होते... आणि खुशीत उठले, कपाट उघडलं, आणि ओढलं. असंच. दुःख नाही, टेन्शन नाही, आईचा हात नाही. माझा हात. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला वाटायचं मी घरच्यांशी भांडतेय.

पाचव्यांदा मी गाजावाजा केला नाही. फ्रिजमधली बाटली मोरीत ओतली, वरचा कागद तेवढा ठेवला. मशीन आईच्या हातात दिलं, म्हटलं, 'माझी सर्दी गेली. हे तुझ्या कपाटात कुलपात ठेव. मी मागितलं तरी द्यायचं नाही.' आईला वाटलं पोरगी वस्तू जपायला शिकली. ठेवलं. आणि मी काय करायचं, तर तलफ आली की जिना उतरायचा आणि कांडपापाशी बसून चटणीची पाकिटं भरायची. तलफ चार-पाच मिनिटं राहते, तेवढ्यात मुकाट्यानं सहा पाकिटं होतात. पहिल्या आठवड्यात मी एवढी पाकिटं भरली की अप्पांनी शेंगा जास्त मागवल्या! पोरीला धंद्याची गोडी लागली म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. अहो, कसली गोडी? त्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी आमची चटणी खाल्ली ना, त्यांनी माझी तलफ खाल्ली! नाकातोंडात तिखट, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका, आणि वरून सगळं घर, 'सिद्धे, वाफ घेतलीस का?' नाही घेतली! नाही घेतली! नाही घेतली!

नव्वद दिवस. नव्वदावा दिवस होता, संध्याकाळचे सहा. मी पाकिटांची पिशवी घेऊन वर आले, बातमी कुणाला सांगावी या विचारात. कारण घरच्यांच्या लेखी जे सुरूच झालं नव्हतं ते सुटलं असं सांगणार कुणाला? आणि दारातच थांबले. अव्वाला चार दिवस खोकला होता. खाटेवर उशीला टेकवून बसवलेली. आईच्या हातात माझं ते निळं मशीन, दिवा लुकलुकतोय, म्हणजे कुलपातून काढून चार्ज पण करत होती! आणि आई म्हणतेय, 'आत्याबाई, ओठ मिटा आणि जोरात ओढा. सिद्धीला याच्यानंच बरं वाटलं होतं.'

अव्वानं ओठ लावले होते हो.

पिशवी कुठं पडली मला माहीत नाही. मी ओरडले, असं ओरडले की खाली कांडप बंद झालं. 'ओढू नको! ती वाफ नाही!'

'मग काय हाय?' आई.

'नशा आहे! तंबाखूतलं विष आहे! मी दोन वर्षं ओढत होते, तुम्हा सगळ्यांसमोर ओढत होते, सर्दी कधी नव्हतीच मला!'

मग जिन्यात धाडधाड पावलं आणि अप्पा दारात, डोळे लाल, गाल फुगलेला, बोट माझ्याकडं. 'हू... हुला... हाज...'

'आधी मावा थुंकून या,' म्हटलं, 'मग व्यसनावर बोला!'

आणि गेले हो! गॅलरीत जाऊन थुंकून, चूळ भरून आले! पण अर्धा राग पण त्यातच वाहून गेला असणार, कारण आल्यावर जरा हळू आवाजात, 'आपलं घराणं काय, आपण गळ्यात लिंग बांधणारी माणसं...'

'लिंग गळ्यात, मावा गालात! मध्ये चार बोटांचं अंतर आहे, अप्पा! अव्वा रोज तव्यावर तंबाखू भाजून दात घासते, घरभर वास, त्याला तुम्ही म्हणता दातांचं औषध! मग माझं फ्रिजमधलं औषध काय वाईट होतं? निदान मी तरी सोडलं! एकटीनं सोडलं! नव्वद दिवस झाले आज, आणि घरात एक माणूस नाही ज्याला मी ते सांगू शकते!'

हे बोलताना मी रडत होते, आणि रडता रडता शिंकले. 'वाफ घेतलीस का' असं कुणी विचारलं नाही. पहिल्यांदाच.

मग अव्वा बोलली. 'सुटली का खरंच?'

'हो.'

'पयल्या फटक्यात?'

'नाही. चार वेळा परत लागली.'

अव्वानं मिसरीची डबी हातात घेतली, उघडली नाही. म्हणाली, 'मी पण सोडली हुती. तुझा बाप पोटात हुता तवा. तीन दिवस सोडली. चौथ्या दिवशी सासूनंच डबी आणून दिली. तोंड उतरलंय तुझं, म्हणाली, घे. लई जीव हुता तिचा माझ्यावर.' 'घरचीच माणसं देत्यात गं हातात. बाहेरच्याला नाही म्हणता येतंय.'

आई पदर तोंडाला लावून, 'म्हंजे केमला मी... रबर लावून...' एवढंच म्हणाली. मग उठली, ते मशीन अप्पांच्या समोर बत्त्यानं ठेचलं, आणि पातेलं चढवलं. अव्वानं डोक्यावरून टॉवेल घेऊन खरी वाफ घेतली. भुवया शाबूत राहिल्या. खोकला चार दिवसांत गेला.

मला वाटलं, झालं. आता ही गोष्ट घरात पुरली जाईल, वर कुणी बोलणार नाही, आमच्याकडं तीच पद्धत. पण तुम्हाला सांगते, सोडणं अवघड नाही, आमच्या घरात... सोडलेलं लपवणं अवघड आहे! तिसऱ्या दिवशी मी जिन्यात होते आणि खाली अप्पा शेजारच्या महेश्वरकाकांना सांगत होते. आवाज बारीक करून, म्हणजे फक्त चौकापर्यंत जाईल असा.

'लोक मावा एकदा सोडत न्हाईत, महेश्वर. तुला जमलं का? मला जमलं का? आपण ठरवायला सुद्धा घाबरतो. आमच्या पोरीनं पाच वेळा सोडली. पाच वेळा!'

मी चार वेळा पडले होते. जन्मभर मी ते चार मोजणार होते, आणि हा माणूस गालात मावा धरून पाच मोजत होता! तिथंच पायरीवर बसले. अशी मान ताठ झाली माझी, काय सांगू... एमबीएची डिग्री हातात आली तेव्हा पण झाली नव्हती.

पण आमच्या अप्पांना अभिमान झाला की तो मनात मावत नाही, तो छापावा लागतो. गेल्या रविवारी ते माझा लग्नाचा बायोडाटा करून आले. रंगीत. न विचारता! नाव, उंची, शिक्षण, चटणीच्या ऑनलाइन विभागाची प्रमुख, वगैरे, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: निर्व्यसनी.

मी म्हटलं, 'अप्पा, निर्व्यसनी हे मुलाच्या बायोडाटात लिहितात! मुलीच्यात लिहिलं की लोक विचारतात, का बरं लिहिलं?'

'इचारू देत की! सांगू. हुतं, सोडलं. त्यात लपवायचं काय हाय?' आणि खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरला, त्यांना ती ओळ जरा कोरडी वाटली असणार, आणि पुढं कंसात लिहिलं: पाच वेळा.

निर्व्यसनी (पाच वेळा).

आई म्हणाली, 'अक्षर जरा मोठं काढा की.' मी भांडायला म्हणून कागद ओढून घेतला, परत वाचला... आणि परत दिला. खोटं तर काहीच लिहिलं नव्हतं.